वस्तऱ्यानं पऱ्हाटी तोडता का?

खांडेनवमी आली की गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोच मेसेज फिरतो. यंदा मला तिघांनी धाडला. म्हणे अस्सल तलवारीवर रेशमी रुमाल नुसता सोडला तरी दोन तुकडे होतात. वस्तऱ्यासारखी धार नसेल तर ती तलवार शोभेची. आणि अशी धार फक्त आपल्या पोलादाला येते.

रुमालाचं आधी उरकतो. ही करामत जगभर गाजली ती वॉल्टर स्कॉटच्या 1825 मधल्या ‘द टॅलिस्मन’ या कादंबरीमुळं. आणि कादंबरीतला सुलतान सलादीनही पातं हातानं ओढतो, तेव्हा कुठं तलम कापड कापलं जातं.

वस्तऱ्याचा मुद्दा मात्र लोहाराच्या भात्यापाशी बसून समजून घ्यावा. कुऱ्हाडीला वस्तऱ्यासारखी धार मागितली तर आमच्याकडचा लोहार म्हणतो, “लावून देतो ना भाऊ, पण बाभयीची पयली गाठ लागली का दाते पडतीन.” धार जितकी बारीक, तितकं तिच्यामागं लोखंड कमी. वस्तऱ्याला फक्त केस कापायचे असतात. तलवारीला जाड कपडा, हाड, ढालीची कड, समोरच्याचं पातं, काहीही आडवं येतं. तिथं बारीक धार वळते, नाहीतर तिचा टवका उडतो. म्हणून तलवारीची धार सुरीपेक्षा भरीव ठेवत, तीही सगळीकडं सारखी नाही. मुठीजवळचा भाग पुष्कळदा बिनधारीच असतो, कारण तिथं बोट अडकवतात. खरं काम टोकाकडच्या भागाचं. वाकडी तलवार घाव घालता घालता ओढली जाते. तूर सोंगताना विळा आपटत नाही, ओढतो, तसंच हे.

मग बोथट चालते का? अजिबात नाही, आणि इथं मेसेजवाल्यांना अर्धे गुण देतो. कॅप्टन नोलन या इंग्रज घोडदळ अधिकाऱ्यानं 1853 च्या पुस्तकात निजामाच्या घोडेस्वारांबद्दल लिहिलंय. (त्याच साली निजामानं आपला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला.) त्या स्वारांच्या तलवारींनी भयंकर घाव होत. पाती कोणती? इंग्रजांच्याच फौजेनं मोडीत काढलेली! स्वारांनी त्यांना नव्या मुठी बसवल्या, धार लावली आणि लाकडी म्यानात ठेवली. इंग्रजांचं म्यान लोखंडी, त्यात घासून धार मरायची. म्हणजे पातं जादूचं नव्हतं, धार राखली होती.

राहिलं आपलं पोलाद. भारतीय पोलादाचं नाव दूरदेशी होतं, ते खोटं नाही. पण ‘फक्त आपलंच’? 2025 मध्ये राज्य सरकारनं लंडनच्या लिलावातून नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार आणली. तिचं पातं युरोपी घडणीचं, आणि त्यावर रघुजींच्या नावासोबत देवनागरीत शब्द आहे : ‘फिरंग’.