रेनकव्हरच्या भरवशावर डाऊन बॅग नेऊ नका

हिमालयात जाणाऱ्या आपल्या ट्रेकर मंडळींत दर मोसमात डाऊनच्या, म्हणजे बदक-हंसांची मऊ पिसं भरलेल्या, स्लीपिंग बॅगबद्दल एक मेसेज फिरतो: "सॅकला रेनकव्हर घाला, डाऊनची स्लीपिंग बॅग कोरडीच राहते. पाऊस नसेल तर काळजीच नको. थंडी वाजली तर तोंड आत घेऊन श्वास सोडा. हल्लीची डाऊन तर भिजतच नाही." चार हजार मीटरवर मुक्काम असेल तर हा सल्ला जिवाशी खेळ आहे.

रेनकव्हर सॅकची पाठीकडची बाजू झाकतच नाही. पाणी मानेवरून पाठीवर, पाठीवरून सॅकच्या पॅडिंगमध्ये झिरपतं आणि कव्हरच्या तळाशी साचतं. स्लीपिंग बॅगचा कप्पाही नेमका तळालाच! जुलैत सह्याद्रीत फिरलेल्या कुणीही कव्हरमधलं पाणी ओतून टाकलेलं असतं. हिमाचलमधल्या हंपता पासच्या वाटेवर, बालू का घेराच्या मुक्कामी मी सॅक उघडली तेव्हा बॅगेच्या पायाकडच्या भागाचा लगदा झाला होता. ऊब देते ती पिसांत अडकलेली हवा. पिसं भिजली की त्यांचे गोळे होतात, हवा जाते. ती रात्र मी होते नव्हते ते सगळे कपडे चढवून बसून काढली. तेव्हापासून सॅकच्या आत खताच्या गोणीत असते तशी जाड प्लास्टिकची पिशवी लावतो. स्लीपिंग बॅग, रात्रीचे कपडे, मोजे त्यात. तोंड पिळून, दुमडून, रबर लावून बंद. बॅगेसोबत मिळणाऱ्या कापडी पिशवीवर विसंबू नका, तिच्या शिवणींतून पाणी आत येतं. रेनकव्हर वरून जरूर घाला, सॅकचं कापड भिजून जड होत नाही.

पाऊस नसेल तर काळजी नको, हे तर सगळ्यात फसवं. झोपेत अंगातून वाफ बाहेर पडतच असते. बाहेर कडाक्याची थंडी असली की ती पिसांतच गार होऊन पाणी बनते, लडाखमधल्या गोठलेल्या झंस्कार नदीवरच्या चादर ट्रेकसारख्या उणे वीसच्या रात्री तर बर्फ. १९११ च्या हिवाळ्यात अंटार्क्टिकात स्कॉटच्या मोहिमेतले विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड केप क्रोझिअर या भूशिराकडे गेले. पावसाचा प्रश्नच नव्हता, तरी घाम आणि श्वासाच्या बर्फाने त्यांच्या बॅगा इतक्या कडक झाल्या की आत शिरणं हीच रोजची झुंज होती. आपला ट्रेक चार-सहा दिवसांचा असतो, पण ओल दर रात्री वाढत जाते. त्यात तंबूच्या आतल्या दंवाची भर. म्हणून तंबूची झडप थोडी उघडी ठेवा, बॅगेचं टोक कापडाला टेकू देऊ नका. सकाळी घाईने बॅग कोंबू नका. नाश्ता होईपर्यंत ती उलटी करून उन्हात खडकावर पसरा. सकाळी ऊन नसेल तर दुपारच्या थांब्यावर.

तोंड आत घेऊन श्वास सोडणं म्हणजे तीच वाफ आपल्या हाताने पिसांत भरणं. नाक-तोंड बाहेर ठेवा, कानटोपी आणि मफलर वापरा.

पाणी झटकणारी प्रक्रिया केलेली पिसं भिजतात, फक्त उशिरा. सलग पावसाचा ट्रेक असेल तर मी सरळ सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम तंतू भरलेली बॅग नेतो. ती जड असते, ओली झाल्यावर तिचीही ऊब घटते, पण डाऊनइतकी नाही.

डाऊन भिजलीच तर पिळू नका. शेकोटीपाशीही धरू नका, नायलॉन वितळतं. उन्हात पसरा आणि गोळे बोटांनी हलकेच सोडवत राहा.