फुगू माशात ‘जंक’ डीएनए नसतो, हे खरं नाही

‘फुगू या पफरफिशचा जीनोम (म्हणजे सगळा डीएनए) माणसाच्या आठव्या हिश्शाएवढा आहे, कारण त्यात पुनरावृत्त, ‘जंक’ म्हणजे निरुपयोगी समजला जाणारा डीएनए नाहीच, कामाचं तेवढंच उरलंय,’ हा दावा खूप फिरतो. आकार बरोबर आहे: सुमारे ४० कोटी बेस जोड्या (डीएनएची अक्षरं), माणसात सुमारे ३१० कोटी. पुढचं सगळं तपासायला हवं.

‘रिपीट (पुन्हा पुन्हा येणारे डीएनएचे तुकडे) नाहीत.’ आहेत. फुगूच्या जीनोमच्या २००२ च्या मसुद्यातच ट्रान्सपोझॉनची, म्हणजे जीनोममध्ये जागा बदलणाऱ्या तुकड्यांची, चाळीसेक कुळं सापडली. माणसात ‘आलू’ (Alu) नावाच्या एकट्या ट्रान्सपोझॉनच्या दहा लाखांहून अधिक प्रती आहेत. फुगूत एकेका कुळाच्या फार तर काही हजार. म्हणजे प्रती कमी, पण वाण भरपूर. हा फरक दाव्यात पार हरवतो.

‘असते तर क्रमात दिसले असते.’ खरी गफलत इथेच होते. फुगूच्या सेंट्रोमिअरवर (गुणसूत्राच्या आखूड कमरेवर) ११८ बेसचा तुकडा एकामागोमाग एक लागलेला असतो. १५० बेसच्या रीडमध्ये (यंत्राने एका वेळी वाचलेल्या तुकड्यात) तो एकदा पुरा मावतो आणि वर ३२ बेस उरतात. अशा रीडवरून किती प्रती आहेत हे जुळणी करणाऱ्या प्रोग्रॅमला कळत नाही. तो सगळ्या एकावर एक रचून एकच प्रत दाखवतो. म्हणून खोली, म्हणजे एका जागी किती रीड पडतात, ते बघा: बाकीकडे सरासरी ५० रीड आणि या तुकड्यावर ५,००० असतील, तर शंभरेक प्रती चेपल्या गेल्यात. लांब रीड घ्या. रिपीटमास्करला (यादीवरून रिपीट ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला) सस्तन प्राण्यांची यादी देऊ नका, माशांचे रिपीट त्यातून निसटतात. आधी रिपीटमॉडेलर या प्रोग्रॅमने त्याच माशाची यादी बनवा.

शिवाय हे रिपीट सगळीकडे सारखे विखुरलेले नसतात. फुगूचा नातलग टेट्राओडॉन याच्यात गुणसूत्रांवर फ्लुओरेसंट प्रोब (ठरावीक डीएनएला चिकटून चमकणारा तुकडा) लावला की ट्रान्सपोझॉन मुख्यतः हेटरोक्रोमॅटिनच्या (घट्ट गुंडाळलेल्या डीएनएच्या) पट्ट्यांत गोळा झालेले दिसतात. जनुकांनी गजबजलेला भाग मोकळा राहतो, आणि नेमका तोच भाग वाचायला सोपा असतो.

‘जनुकं कमी, म्हणून जीनोम लहान.’ नाही. हंटिंग्टिन जनुकात माणूस आणि फुगू दोघांकडेही ६७ एक्सॉन (प्रत्यक्ष वापरले जाणारे भाग) आहेत. माणसात ते सुमारे १७० किलोबेसवर पसरलंय, फुगूत २३ वर. आखडलेत ते मुख्यतः इन्ट्रॉन, म्हणजे एक्सॉनच्या मधले भाग.

‘हा मूळचा, आदिम आकार.’ टेलिऑस्ट माशांच्या (आजच्या बहुतेक माशांच्या गटाच्या) पूर्वजात अख्खा जीनोम दुप्पट झाला होता. फुगूच्या जीनोमचा लहान आकार त्यानंतरच्या कापाकापीतून आलाय. काटेरी पफरफिशचा जीनोम आजही फुगूच्या दुपटीच्या आसपास आहे.