‘डार्विनचं पितळ उघडं’ म्हणणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

सोलापुरात सोसायटीच्या, भिशीच्या, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा मथळा ‘डार्विनचं पितळ उघडं’, आणि मजकुराचं सार असं: पाश्चरने सिद्ध केलं की जीव जीवापासूनच जन्मतो. मिलरचा प्रयोग फसला. निर्जीवातून सजीव होणं म्हणजे भंगारात वादळ घुसून विमान तयार होणं. विज्ञानाच्याच नियमाने पसारा वाढतो, घडी बसत नाही. इस्रोच्या फुग्याला परग्रहावरचे जिवाणू सापडले. आपल्या भागात तर एक जीवाश्म मिळत नाही. म्हणूनच उत्क्रांती पुस्तकातून काढली. शेवटी ‘दहा जणांना पाठवा’ आहेच.

लिहिणारा अडाणी नाही. बरीच वाक्यं अर्धी खरी आहेत आणि गोम तिथंच आहे. जीव सुरू कसा झाला आणि सुरू झाल्यावर बदलत कसा गेला, या दोन प्रश्नांची त्याने बेमालूम मिसळ केली आहे. पहिल्याचं उत्तर अपुरं आहे, म्हणून दुसऱ्याचंही खोटं, असा सगळा मामला.

पाश्चरपासून सुरू करू. १८६० च्या आसपास त्याने काचेच्या चंबूची मान तापवून हंसाच्या मानेसारखी वाकवली आणि आतला रस्सा उकळला. हवा आत जायची, धूळ मात्र वळणात अडकायची. रस्सा नितळ राहिला. चंबू कलता करून रस्सा त्या धुळीला लागू दिला की थोड्याच दिवसांत गढूळ व्हायचा. म्हणजे उकळलेल्या रश्श्यात जिवाणू आपसूक उपजत नाहीत. एवढंच त्यातून सिद्ध झालं, आणि ते आजही कोणी नाकारत नाही. पण आपला प्रश्न आहे तो प्राणवायू नसलेल्या हवेतल्या, कोट्यवधी वर्षं चाललेल्या रसायनांच्या घडामोडींचा. पृथ्वी ४५४ कोटी वर्षांची आणि ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात जिवाणूंच्या थरांचे खडक ३४८ कोटी वर्षांपूर्वीचे. हा सगळा खेळ त्याआधीचा. १८७१ साली डार्विनने हूकर या मित्राला लिहिलेल्या पत्रात कोमट डबक्याची कल्पना मांडली. तिथंच त्याने हेही लिहिलं की आज असा पदार्थ तयार झालाच तर तो लगेच खाल्ला जाईल, जीवसृष्टी नव्हती तेव्हा तसं झालं नसतं. पाश्चरच्या नावाने उड्या मारणाऱ्यांनी हे पत्र वाचलेलं दिसत नाही.

आता मिलर. मेसेजमध्ये त्याच्यावर सर्वांत जास्त तोंडसुख घेतलंय, म्हणून इथे जरा थांबू. स्टॅन्ली मिलर हा शिकागोतला विद्यार्थी, हॅरॉल्ड युरी त्याचे मार्गदर्शक. एका चंबूत उकळतं पाणी, वरच्या चंबूत मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि त्यात विजेच्या ठिणग्या. वाफ वर जाते, थंड होऊन परत खाली येते, असा फेरा आठवडाभर. पहिल्या दिवसानंतर पाणी गुलाबी दिसू लागलं, आठवड्याअखेर गडद लाल आणि गढूळ. त्यात ग्लायसीन, अॅलॅनीन अशी अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांच्या विटा, मिळाली. १९५३ मध्ये निबंध छापून आला. चंबूतून बेडूक उडी मारेल असं मिलरने कधी म्हटलंच नव्हतं, मग फसलं काय? खरा आक्षेप वेगळा आहे: तेव्हाच्या हवेत मिथेन आणि अमोनिया इतके नसावेत, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन जास्त असावेत. हा आक्षेप रास्त आहे आणि तो शास्त्रज्ञांनीच घेतलाय. पण मिलरने ज्वालामुखीची वाफ डोळ्यांपुढे ठेवून आणखी एक मांडणी केली होती. तिच्या जपून ठेवलेल्या बाटल्या त्याच्या मृत्यूनंतर तपासल्या, तेव्हा २००८ मध्ये त्यांत २२ अमिनो आम्लं निघाली. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या उल्केतही अमिनो आम्लं होती. विटा कुठेही पडतात, एवढं तरी पक्कं झालं. घर कसं उभं राहिलं हे अजून पुरतं कळलेलं नाही.

वादळ आणि विमानाची उपमा ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांची. माणूस मोठा, जयंत नारळीकरांचे गुरू, पण हे गणित चुकीच्या ठिकाणी मांडलेलं. वीस फासे एकदम फेकून वीसच्या वीस सहा पडायची शक्यता साडेछत्तीस कोटी कोटींत एक. पण पडलेला सहा बाजूला ठेवून उरलेलेच फेकत गेलात, तर सरासरी वीसेक फेकींत काम होतं. टिकलेलं जपणारी यंत्रणा असली की हिशेबच बदलतो. स्वतःची नक्कल करणारा रेणू ही ती यंत्रणा. आरएनए हा डीएनएचा भाऊबंद रेणू माहिती साठवतो आणि रासायनिक क्रियाही घडवतो, हे दाखवल्याबद्दल थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांना १९८९ चं नोबेल मिळालं. आपल्या पेशीतल्या रायबोसोम या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या गाभ्यात आजही प्रथिनं जोडायचं काम आरएनएच करतो. त्या रायबोसोमच्या रचनेवर २००९ चं नोबेल मिळवणाऱ्या तिघांत चिदंबरमला जन्मलेले वेंकटरामन रामकृष्णन होते. तो पहिला नक्कल करणारा रेणू जमला कसा, हे मात्र खरंच न सुटलेलं कोडं आहे.

पसारा वाढण्याचा तो नियम बंद डब्याला लागू. पृथ्वीला बाहेरून ऊर्जा मिळते, आणि तिच्या जोरावर एखाद्या ठिकाणी घडी बसू शकते. सोलापुरात राहून, तेही एप्रिलमध्ये, सूर्याला विसरायचं म्हणजे कमालच!

इस्रोचा फुगा खरा आहे. एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या फुग्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली. या कामात नारळीकर आघाडीवर होते. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. बहुतेक पृथ्वीवरच्या ओळखीच्या जातींशी जुळत होत्या, तीन जिवाणू नवे निघाले. त्यांची नावं जॅनिबॅक्टर हॉयली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाय. हे परग्रहावरचे आहेत असं ठामपणे सिद्ध होत नाही, हे २००९ च्या निवेदनात इस्रोनेच सांगितलं होतं. मेसेजमधून नेमकं तेवढंच गळालंय. आर्यभट्टाय तर पुढे चहाच्या झुडपांच्या मुळांजवळच्या मातीतही सापडला. आणि समजा जीव आला आकाशातून, तरी तिथं तो कसा झाला हा प्रश्न उरतोच की!

आपल्याकडे जीवाश्म का नाहीत? सोलापूर जिल्ह्यात विहीर खोदताना काळ्या रानाखाली मुरूम लागतो, मग काळा पाषाण, मधेच कुठे लाल मातीचा पट्टा. पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, लाल पट्टा म्हणजे दोन लाव्हांच्या मधल्या काळात झिजलेली जमीन. उकळत्या लाव्हात हाडं काय टिकणार? पण दोन थरांच्या मध्ये तळं साचलं असेल तिथे सापडतात. मुंबईत वरळीला अशाच गाळात बेडकांचे जीवाश्म मिळालेत. आणि आपला हा पाषाण पृथ्वीच्या वयाच्या जेमतेम दीड टक्का जुना. सगळ्या इतिहासाचा पुरावा त्याच्याकडेच मागायचा, तर अवघड आहे.

जीवाश्मांबाबत शास्त्रज्ञही फसतात. २०२१ मध्ये मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या गुहेत डिकिन्सोनिया या अतिप्राचीन जीवाचा ठसा मिळाल्याची बातमी गाजली. २०२३ मध्ये दुसऱ्या चमूने पाहिलं तर ते आग्या मोहोळाचे अवशेष! आधी दावा करणाऱ्यानेही चूक मान्य केली.

उरलं पुस्तक. एनसीईआरटी या केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या संस्थेने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, हे खरं. २०२३ मध्ये त्यावर गदारोळ झाला आणि १८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. कारण दिलं होतं अभ्यासाचा भार कमी करण्याचं. सिद्धांत खोटा ठरला, असं एनसीईआरटीनेही म्हटलेलं नाही. बारावीच्या जीवशास्त्रात ते प्रकरण आहे. आणि मेसेज पुढे ढकलणाऱ्या बहुतेकांची मुलं ज्या राज्य मंडळाच्या शाळांत जातात, तिथल्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा आहे ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’.