आयनिक लिक्विड ‘ग्रीन’ आहे म्हणून निर्धोक आहे? नाही

पुण्यात एमएस्सी-पीएचडीच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो. आशय असा: आयनिक लिक्विड हे ग्रीन, म्हणजे पर्यावरणाला न बाधणारं, सॉल्व्हंट (विद्रावक) आहे. त्याची वाफ होत नाही, म्हणून फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं लॅबमधलं कपाट) लागत नाही. ते पेटत नाही, चारशे अंशांपर्यंत तापवलं तरी टिकतं, हवा-पाण्याने बिघडत नाही. शेवटी ते मीठच, तेव्हा हाताला लागलं तरी काही होत नाही आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतलं तरी चालतं. यातल्या बहुतेक वाक्यांमागे थोडंफार तथ्य आहे. म्हणूनच ती सहज पटतात आणि धोक्याची ठरतात.

‘आयनिक लिक्विड’ हे एका रसायनाचं नाव नाही. साधारण १०० अंश सेल्सिअसच्या खाली वितळणारं कुठलंही मीठ या गटात येतं. १९१४ साली रसायनशास्त्रज्ञ पॉल वाल्डेन यांनी नोंदवलेलं इथाइलअमोनियम नायट्रेट १२ अंशांना वितळतं आणि ते याच गटातलं आहे. मिठात एक धनभारित आयन (कॅटायन) आणि एक ऋणभारित आयन असतो. आज लॅबमध्ये जास्त दिसणारा कॅटायन म्हणजे ब्यूटाइल-मिथाइल-इमिडाझोलियम, बोलीत ‘बीमिम’. त्याच्या जोडीला क्लोराइड असेल तर पाणी ओढणारा घन पदार्थ मिळतो, टेट्राफ्लोरोबोरेट (बीएफ४) असेल तर पाण्यात पूर्ण मिसळणारा द्रव, आणि हेक्झाफ्लोरोफॉस्फेट (पीएफ६) असेल तर पाण्याखाली वेगळा थर करून बसणारा जड द्रव. कॅटायन एकच असला तरी धोके तीन वेगवेगळे. बाटलीवर दोन्ही आयनांची नावं वाचल्याशिवाय ‘हे सुरक्षित आहे का’ या प्रश्नाला उत्तरच नाही.

सगळ्यात घातक दावा पाण्याचा आहे, म्हणून तो आधी घेऊ. तो आला कुठून तेही पाहायला हवं. सुरुवातीची क्लोरोअ‍ॅल्युमिनेट प्रकारची आयनिक लिक्विड दमट हवा लागली की हायड्रोजन क्लोराइडचा धूर सोडत. १९९२ मध्ये विल्क्स आणि झावोरोत्को यांनी हवा-पाण्यात टिकणारी इमिडाझोलियम मिठं मांडली. आधीच्या पिढीशी तुलना करता ‘टिकणारी’ हा शब्द योग्य होता. पुढे तो सरसकट सगळ्यांना चिकटला. २००३ मध्ये रॉबिन रॉजर्स यांच्या गटाने बीमिम-पीएफ६चं पाण्याने विघटन होतं हे दाखवून दिलं. या विघटनात हायड्रोजन फ्लोराइड, म्हणजे एचएफ, तयार होतं. साध्या तापमानाला हे सावकाश होतं, पण उष्णता आणि अ‍ॅसिड मिळालं की वेग वाढतो. बीएफ४सुद्धा याच वाटेने जातं.

‘पण पीएफ६ तर पाण्यात मिसळत नाही!’ हे उत्तर ठरलेलं असतं. मिसळत नाही, पण पाणी शोषून घेतं. पाण्याच्या संपर्कात राहिलेल्या बीमिम-पीएफ६मध्ये वजनाने दोनेक टक्के पाणी मुरतं, म्हणजे ५० ग्रॅममागे जवळपास एक ग्रॅम. पुण्यात जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत झाकण उघडं राहिलेली बाटलीही ओलावा घेतच असते. अशी ओली बॅच ‘सुकवायची’ म्हणून रोटाव्हेपरवर (कमी दाबाखाली द्रव उडवून लावणाऱ्या उपकरणावर) ९० अंशांना तासन् तास फिरवत ठेवणं म्हणजे आपल्या हाताने एचएफ बनवणं. त्यात मीठ हेक्झाफ्लोरोफॉस्फोरिक अ‍ॅसिड वापरून बनवलेलं असेल आणि धुणं अर्धवट राहिलं असेल, तर अ‍ॅसिड आतच आहे. त्यापेक्षा पोटॅशियम हेक्झाफ्लोरोफॉस्फेटचा मार्ग धरावा. थंड डिस्टिल्ड वॉटरने धुवत राहावं. धुतलेलं पाणी पीएच पेपरवर उदासीन येईपर्यंत आणि सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबाने गढूळ व्हायचं थांबेपर्यंत तापवण्याचा विचार करू नये. मग चांगल्या व्हॅक्यूमखाली, ६० ते ७० अंशांना, ढवळत सुकवावं आणि उरलेलं पाणी कार्ल फिशर या रासायनिक चाचणीने मोजावं. पदार्थ रंगहीन दिसतो म्हणून शुद्ध आहे असं समजू नये.

जुनी बाटली हातात आली की आधी उजेडात धरून काच बघा. आतून धुरकट, खरखरीत दिसली तर एचएफने काच खाल्लेली आहे. झाकण फ्यूम हूडमध्येच उघडा आणि ओला पीएच पेपर चिमट्याने तोंडाशी धरा. तो लाल झाला तर ती बाटली वापरायची नाही. पीएफ६ आणि बीएफ४ची मिठं लांबच्या साठवणीसाठी पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीई या प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, कोरड्या जागी ठेवावीत.

सौम्य एचएफ त्वचेला लागलं की लगेच दुखतंच असं नाही. वेदना काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतात, तोवर फ्लोराइड खोल गेलेलं असतं. ते शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं आणि जास्त प्रमाणात गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. संशय आला तरी दूषित कपडे काढून भरपूर पाण्याने पाच मिनिटं धुवावं, मग नवे ग्लोव्हज घालून २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळत राहावं आणि लगेच रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना ‘एचएफ’ हाच शब्द सांगावा. जेल नसेल तर पाण्याने धुणं चालूच ठेवावं. डोळ्यात गेलं तर जेल लावायचं नाही. किमान पंधरा मिनिटं पाण्याने धुवायचं आणि रुग्णालय गाठायचं. हे जेल काम सुरू करण्याआधीच लॅबमध्ये असलं पाहिजे, मुदत संपलेली नाही हे बघून. अपघात झाल्यावर ते शोधत फिरायला वेळ नसतो.

आता ‘चारशे अंशांपर्यंत टिकतं’. हा आकडा बहुधा टीजीए (तापवत वजनातली घट मोजणारी चाचणी) आलेखातून येतो. तिथे नमुना मिनिटाला १० अंशांच्या वेगाने तापवतात, त्यामुळे विघटन सुरू झाल्याचं दिसतं ते खूप उशिरा. तोच पदार्थ रात्रभर एकाच तापमानाला ठेवला तर त्याहून कितीतरी खाली तुटू लागतो. शिवाय एनटीएफ२ (बिस्ट्रायफ्लिमाइड) मिठांचा आकडा क्लोराइडला लावणं चूक आहे. बीमिम-क्लोराइड २५० अंशांच्या आसपासच मोडतं, आणि त्यातून क्लोरोमिथेन, क्लोरोब्यूटेन आणि मिथाइलइमिडाझोल बाहेर पडतात. ‘पेटत नाही’ हाही भ्रम इथूनच आला. नेहमीच्या चाचणीत फ्लॅश पॉइंट (वाफ पेट घेते ते किमान तापमान) सापडत नाही, कारण वर पेटायला वाफ नसते. पण विघटनाचे वायू पेटतात, आणि काही मिठं थेट ज्योतीत जळतात. नायट्रेट आणि पिक्रेटची मिठं तर ऊर्जा साठवलेले, म्हणजे स्फोट होऊ शकणारे, पदार्थ म्हणूनच हाताळावीत, कोरडी करून तापवू नयेत. डायसायनामाइडची काही मिठं तीव्र नायट्रिक अ‍ॅसिडशी गाठ पडताच आपोआप पेट घेतात. रॉकेटच्या इंधनासाठी त्यांचा अभ्यास होतो तो याच गुणामुळे. लॅबमध्ये त्यांची कचऱ्याची बाटली नायट्रिकच्या कचऱ्याजवळही नको.

वाफ होत नाही हेही पूर्ण खरं नाही. उच्च व्हॅक्यूममध्ये काही आयनिक लिक्विड डिस्टिल होतात, हे २००६ मध्ये सिद्ध झालं. रोजच्या कामात मात्र त्यांचा बाष्पदाब नगण्य असतो, हे मान्य. पण हूड लागतो तो सोबतच्या गोष्टींसाठी: एक्स्ट्रॅक्शनचा इथर, न धुतलेलं क्लोरोब्यूटेन, सोनिकेशनमधले (ध्वनिलहरींनी ढवळतानाचे) तुषार. मीठ बनवतानाही तो हवाच. मिथाइलइमिडाझोलमध्ये ब्रोमोब्यूटेन एकदम ओतलं तर उष्णता इतक्या वेगाने सुटते की मिश्रण उसळून बाहेर येतं. बर्फाच्या बाथमध्ये, थेंब थेंब, आतलं तापमान बघत घालायचं.

वाफ होत नसल्याचा एक तोटा कुणी सांगत नाही. सांडलेलं अ‍ॅसिटोन मिनिटभरात उडून जातं, आयनिक लिक्विडचा थेंब तिथेच राहतो. तराजूच्या कडेला पडलेला, पाण्यासारखा दिसणारा तो थेंब आठवड्यानेही तिथेच असतो आणि कुणाच्या तरी मनगटाला, मोबाइलला, दाराच्या मुठीला लागतो. पीएफ६ आणि एनटीएफ२ची मिठं ओल्या फडक्याने निघत नाहीत, नुसती पसरतात. आधी कोरड्या पॉलिप्रॉपिलीन पॅडने टिपावं, मग इथेनॉलने भिजवलेल्या फडक्याने पुसावं, शेवटी साबणाचं पाणी. फडकं, पॅड आणि ग्लोव्हज घातक कचऱ्यात. एचएफचा संशय असेल तर वाळू वापरू नका, कारण सिलिकाशी त्याची अभिक्रिया होऊन विषारी वायू निघतो.

‘मीठच आहे’ या युक्तिवादाला उत्तर सोपं आहे: सोडियम सायनाइडही मीठच असतं. बीमिम-क्लोराइडच्या सेफ्टी शीटवर ‘गिळल्यास विषारी’ असं लिहिलेलं सापडतं. औषध त्वचेतून आत पोचवायला काही आयनिक लिक्विड मुद्दाम वापरतात, यावरून त्यांचा त्वचेशी संबंध कळावा. नायट्राइल ग्लोव्हज घाला आणि थेंब पडताच बदला. पातळ नायट्राइल एचएफला पुरत नाही, तिथे जाड निओप्रीन किंवा ब्यूटाइल रबर लागतं.

राहिलं बेसिन. पीएफ६ पाण्यापेक्षा जड आहे, घनता सुमारे १.३७, त्यामुळे ते सिंकखालच्या ट्रॅपमध्ये जाऊन बसतं. नंतर कुणी तिथे गरम अ‍ॅसिड ओतलं की एचएफ पाइपातच तयार होणार. पाण्यात विरघळणारी मिठं पुढे जातात. बीमिमसारखे इमिडाझोलियम जंतूंना सहज पचत नाहीत, आणि कॅटायनची कार्बन साखळी लांबत जाते तशी शेवाळ आणि डॅफ्निया या पाण्यातल्या बारीक जिवासाठी विषारीपणा वाढतो. इंग्लंडच्या ईशान्य भागात एका कचरा डेपोजवळच्या मातीत ऑक्टाइल-मिथाइल-इमिडाझोलियम सापडलं आहे. पुण्यातलं पाषाण असो वा शिवाजीनगर, गटारात गेलेलं पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि उजनीत पोचतं.

म्हणून प्रत्येक आयनिक लिक्विडचा कचरा वेगळ्या एचडीपीई बाटलीत. पीएफ६ आणि बीएफ४च्या बाटलीत अ‍ॅसिड अजिबात नको. लेबलवर दोन्ही आयनांची पूर्ण नावं, सोबतची सॉल्व्हंट, पाणी आहे की नाही आणि भरायला सुरुवात केल्याची तारीख. नुसतं ‘आयएल वेस्ट’ लिहिलेली बाटली उचलणाऱ्याला काहीच सांगत नाही. पुणे भागातला घातक कचरा रांजणगावच्या प्रक्रिया केंद्रात जातो. २०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे तो संस्थेत साधारण ९० दिवसांपर्यंतच साठवता येतो, आणि लेबलवरची तारीख त्यासाठीच लागते.