200 आठवड्यांच्या रेषेवर तळ लागतोच असं नाही

मंदी आली की एक चार्ट हमखास फिरायला लागतो. बिटकॉइनच्या साप्ताहिक कॅंडल (एका आठवड्यातली भावाची हालचाल दाखवणाऱ्या उभ्या पट्ट्या), त्यावर 200 आठवड्यांच्या सरासरीची जाड रेषा आणि सोबत मजकूर: भाव रेषेला टेकला, आरएसआय (भावाच्या चढ-घसरणीचा जोर 0 ते 100 मध्ये मोजणारा आकडा) 30 च्या खाली गेला, म्हणजे तळ झाला, मागच्या तेजीच्या शिखराखाली बिटकॉइन जात नाही, आहेत ते सगळे पैसे आता लावा. 2022 मध्ये या सगळ्या दाव्यांची एकदम परीक्षा झाली.

‘बिटकॉइन या रेषेखाली टिकत नाही.’ जून 2022 मध्ये रेषा 22,400 डॉलरच्या आसपास होती. 18 जूनला भाव 17,600 पर्यंत उतरला आणि आठवड्याचा बंद भावही रेषेखालीच राहिला. जुलै-ऑगस्टमध्ये भाव वर डोकावला, पुन्हा घसरला आणि एफटीएक्स हे क्रिप्टो एक्स्चेंज बुडाल्यावर 21 नोव्हेंबरला 15,500 च्या जवळ गेला. रेषेवर खरेदी केलेल्यांची रक्कम तोवर सुमारे 31 टक्क्यांनी आटली होती. रेषेच्या वर नीट जम बसायला मार्च 2023 उजाडला. त्याआधी 2015, 2018 आणि मार्च 2020 मध्ये रेषेजवळून भाव वळला होता, हे खरं. पण तीन उदाहरणांवर नियम बांधायचा नसतो.

‘रेषा अजून चढतेय, म्हणजे पाया भक्कम आहे.’ इथे बहुतेक जण फसतात, कारण सरासरी कशी निघते तेच पाहत नाहीत. दर आठवड्याला एक नवा बंद भाव हिशेबात येतो आणि 200 आठवड्यांपूर्वीचा गळतो. जून 2022 मध्ये गळत होते ऑगस्ट 2018 चे भाव, साधारण 6,500 डॉलरचे. आत येणारा भाव 20,500. फरक 14,000, भागिले 200, म्हणजे भाव कोसळत असतानाही रेषा आठवड्याला 70 डॉलर वर सरकत होती. त्या चढात मागणीचा काडीचा पुरावा नव्हता.

‘मागच्या शिखराखाली भाव जात नाही.’ 2017 चं शिखर 19,700 च्या आसपास, जून 2022 चा नीचांक 17,600. हा मुद्दा इथेच संपला.

‘आरएसआय 30 च्या खाली म्हणजे स्वस्त.’ आरएसआय भाव स्वस्त की महाग हे सांगतच नाही. गेल्या 14 कॅंडलमधली चढ आणि घसरण यांची ताकद तो ताडून पाहतो, बस. बिटकॉइनचा साप्ताहिक आरएसआय जूनमध्येच 30 च्या खाली गेला होता. नोव्हेंबरमध्ये भावाने नवा नीचांक केला तेव्हा तो जूनपेक्षा वर होता. या विसंगतीला अर्थ आहे, पण ती दुसरा तळ होऊन गेल्यावरच आखता येते. आणि मे 2022 मधलं लुना हे क्रिप्टो नाणं आठवा. 5 मे रोजी 80 डॉलरच्या वर असलेलं नाणं 13 मेला एका सेंटच्या किरकोळ अंशावर आलं. आरएसआय त्या घसरणीत सुरुवातीलाच ओव्हरसोल्ड, म्हणजे 30 च्या खाली, झाला होता. नाण्यांची संख्या मात्र सुमारे 35 कोटींवरून 6.5 लाख कोटींवर गेली. छापखाना सुरू आहे की नाही, हे आरएसआयला दिसत नाही.

आणखी एक नेहमीची चूक: अर्धवट कॅंडलवर निर्णय घेणं. साप्ताहिक कॅंडल भारतीय वेळेनुसार सोमवारी पहाटे साडेपाचला बंद होते. शनिवारी रात्री 29 दिसलेला आरएसआय तोवर 33 झालेला असू शकतो.

‘90 टक्के पडलंय, आता आणखी किती पडणार?’ 100 चं 10 झालेलं नाणं 5 वर आलं, तर शिखरापासूनची घसरण 90 ची 95 टक्के दिसते. 10 ला घेणाऱ्याचे मात्र अर्धे पैसे गेलेले असतात.

‘सगळे पैसे लावा.’ समजा भांडवल 2 लाख आहे आणि एका सौद्यात त्याच्या 1 टक्क्यापेक्षा, म्हणजे 2,000 रुपयांपेक्षा जास्त गमवायचं नाही. खरेदी 20,000 डॉलरवर, स्टॉपलॉस (तोटा थांबवायला आपोआप विक्री होते तो आधीच ठरवलेला भाव) जूनच्या नीचांकाखाली 17,500 वर. अंतर 12.5 टक्के. 2,000 भागिले 0.125, म्हणजे सौदा 16,000 रुपयांचा. हा स्टॉपलॉस नोव्हेंबर 2022 मध्ये लागलाच असता. घसरगुंडीत तो थोडा खालच्या भावाला सुटतो, तेवढी तूट वेगळी धरा. पूर्ण 2 लाख लावले असते तर त्याच स्टॉपलॉसने 25,000 गेले असते.

‘एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातून भरून काढू.’ भारतात कर भरणाऱ्याला हे गणित महागात पडतं. आयकर कायद्यात 2022 मध्ये आलेल्या तरतुदीनुसार नफ्यावर 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर लागतो, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. एका नाण्यात 60,000 कमावले, दुसऱ्यात 40,000 घालवले, तर कर 60,000 वरच बसतो: 18,720 रुपये. निव्वळ कमाई 20,000 ची वाटत होती, हातात उरतात 1,280.