‘७२ सीझन्स’च्या संध्याकाळी आलेल्या पाहुण्याला धाब्याच्या मालकाचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही आमच्या धाब्याला दोन तारे दिले आणि खाली सविस्तर लिहिलं, त्याला दहा-बारा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला. लग्नसराई सुरू आहे, माझे साउंडचे डबे रोज कुठल्या ना कुठल्या गावच्या मांडवात असतात. शिवाय तुम्ही अल्बमबद्दल जे लिहिलं ते मला लागलं, आणि लागलेलं असताना उत्तर द्यायचं नव्हतं. अल्बम आणखी चार वेळा पूर्ण ऐकला, मग लिहायला बसलो.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी सांगतो. रविवारी १६ एप्रिल २०२३ ला संध्याकाळी मोर्शी रोडवरच्या आमच्या धाब्यावर आम्ही मेटालिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा तेव्हाचा नवा अल्बम ‘७२ सीझन्स’ पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत लावला. ऐकणं आणि जेवण मिळून दोनशे रुपये. हे भाऊ अमरावतीहून मित्रांसोबत आले होते. त्यांचं म्हणणं असं: आवाज कर्कश, कान दुखले. भाकर थंड. जुनी गाणी मागितली तर मालकानं साफ नाही म्हटलं. लोक जेवत असताना आत्महत्येवरचं गाणं. अल्बम सव्वा तासाचा आणि सगळी गाणी एकसारखी. आणि बाहेरच्या फळ्यावर ‘१९९१ नंतरचा सगळ्यात भारी अल्बम’ असं लिहून गिऱ्हाइकाला फसवलं.

आवाजाची तक्रार खरी आहे आणि चूक पूर्ण माझी आहे. अल्बम जगभर निघाला १४ एप्रिलला, शुक्रवारी. त्याच दिवशी बाबासाहेबांची जयंती. आमचा सगळा सेट दोन दिवस मिरवणुकीत होता. मोकळ्या रस्त्यावर आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचावा म्हणून वरचे हॉर्न चढवून ठेवलेले असतात. तोच सेट मी रविवारी टिनाच्या शेडखाली तसाच उभा केला. टीन असला आवाज पोटात घेत नाही, परत फेकतं. ड्रम वाजवणाऱ्या लार्स उलरिकच्या झांजा तुमच्या कानात घुसल्या त्या त्यामुळे, त्यात रेकॉर्डिंगचा दोष नाही. पहिली दोन गाणी तशीच गेली. तिसऱ्याच्या आधी मी मिक्सरवर ट्रेबल उतरवला, पण तोवर तुमचे कान थकले होते, आणि थकलेल्या कानाला पुढचं सगळं एकसारखंच लागतं. साउंडवाल्यानं ही चूक करू नये. आता शेडच्या आतून बारदाना दुहेरी ताणून बांधला आहे, मागच्या भिंतीला जुन्या गाद्या लावल्या आहेत. फरक कळतो.

भाकरीचंही खरं. वीस-पंचवीस माणसं धरली होती, आली पंचेचाळीस. चुलीवर एकच बाई होती, म्हणून भाकरी आधी थापून टोपल्यात ठेवल्या. पातोडीचा रस्सा गरम होता असं तुम्हीच लिहिलं आहे, पण ज्वारीची भाकर गार झाली की रस्सा काय करणार. तुमच्या चौघांचे आठशे रुपये गल्ल्यात बाजूला काढून ठेवले आहेत. केव्हाही या आणि घेऊन जा, त्यासाठी जेवायलाच पाहिजे असं नाही.

आता अल्बम. इथे मी मागे हटणार नाही, पण तुमचं जे बरोबर आहे तेही सांगीन.

मी ही मंडळी ऐकायला लागलो ते अकरावीला अमरावतीत खोली करून राहत असताना. त्यांच्या १९९१ च्या ‘ब्लॅक अल्बम’ची कॅसेट एका सीनियरनं दिली होती. ती कॅसेट इतकी वाजली की टेप सुटला, तो पेन्सिलीनं गुंडाळून पुन्हा लावायचो. इंग्रजी तेव्हा निम्मंही कळत नव्हतं. २००३ मध्ये ‘सेंट अँगर’ आला तेव्हा मित्रांनी साथ सोडली. लार्सनं स्नेअर ड्रमच्या खालच्या तारा सैल सोडून वाजवलं होतं, डबा बडवल्यासारखा आवाज यायचा, आणि तो अल्बम मलाही आजवर पचला नाही. २००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये गाणी चांगली होती, पण आवाज इतका दाबून चढवला की फाटला. लोक गिटार हीरो या गेममधली त्याच गाण्यांची प्रत शोधून ऐकायचे, कारण ती जास्त स्वच्छ होती. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये ते पहिल्यांदा भारतात आले. २८ तारखेचा गुडगावचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला आणि ३० तारखेला बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंडवर झाला. घरचं सोयाबीन नुकतंच विकलं होतं, त्यातून मी तिकीट काढलं आणि नागपूरहून रेल्वेनं गेलो. हे सांगतो ते यासाठी की मी यांच्या पडत्या काळातही यांना ऐकलं आहे. कुठे चुकले ते मला माहीत आहे.

जुनी गाणी लावली नाहीत, कारण ती संध्याकाळ एका अल्बमची होती. तुमच्या टेबलानं मागितली ती गाणी माझ्या फोनमध्ये आहेत, मीही ती रोज ऐकतो. पण हा अल्बम जन्माच्या पहिल्या अठरा वर्षांबद्दल आहे. वर्षाचे चार ऋतू, अठरा वर्षांचे बहात्तर. या काळात आईबाप, घर, गाव आपल्याला जे सांगतात, त्यातलं पुढे किती टाकायचं आणि किती जपायचं, हा त्याचा विषय. कव्हरवर पिवळ्या रंगावर जळालेला पाळणा आहे. आपल्याकडे तीन ऋतू धरले तर चोपन्न होतात, पंचांगातले सहा धरले तर एकशे आठ. मी त्या रात्री हा हिशोब करत बसलो होतो, आणि माझ्या स्वतःच्या अठरा वर्षांतले किती उन्हाळे मला आठवतात ते मोजत होतो. गाणारा जेम्स हेटफिल्ड तेरा वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले, सोळाव्या वर्षी आई कॅन्सरनं गेली. घरातली श्रद्धा अशी की औषध घ्यायचं नाही. तो माणूस साठीला टेकताना त्या घरात परत जातो. मध्ये जुनं हिट गाणं घातलं असतं तर तो धागा तुटला असता.

‘स्क्रीमिंग सुसाइड’बद्दल तुम्ही लिहिलं की जेवताना असलं गाणं कशाला. भाऊ, यावर मी सगळ्यात जास्त विचार केला.

आपल्या भागात हा शब्द पेपरात रोज येतो आणि घरात कधीच येत नाही. माझ्या बाकावर बसणारा एक वर्गमित्र आज नाही. त्याच्या घरी मी जात असतो. त्याची आई चहा ठेवते, आम्ही कापसाच्या भावाचं बोलतो, संत्र्याच्या बहाराचं बोलतो, त्याच्या मुलीच्या शाळेचं बोलतो. तेवढा एक शब्द सोडून सगळं बोलतो. गाणं आलं तेव्हा हेटफिल्डनं सांगितलं होतं की असे विचार मनात येतच नाहीत असं नाकारणं चुकीचं आहे, माणसाच्या वाट्याला येतं ते माणसाला बोलता आलं पाहिजे. तो स्वतः २०१९ मध्ये दौरा थांबवून व्यसनमुक्तीसाठी दाखल झाला होता, त्यामुळे मी त्याचं ऐकतो. ते गाणं संथ, रडकं नाही. धावतं आहे, उजेडात आणून उभं करणारं आहे. ते मी गाळणार नव्हतो, पुढेही गाळणार नाही. पण तुमच्या टेबलावरच्या कुणाला त्याचा त्रास झाला असेल, तर गाण्याआधी दोन शब्द सांगायला हवे होते. ताटं समोर असताना तर नक्कीच. ते माझ्याकडून राहिलं, त्याबद्दल मनापासून माफी. पुढच्या वेळी जेवण अल्बम संपल्यावर, आणि या गाण्याआधी मी उभं राहून सांगीन.

लांबीचं म्हणाल तर सत्त्याहत्तर मिनिटं. मलाही जास्त वाटतात. मधली दोन-तीन गाणी सारख्याच चालीनं जातात, ‘क्राउन ऑफ बार्ब्ड वायर’ काढलं असतं तर मी तक्रार केली नसती. गिटारवाल्या कर्क हॅमेटचे सोलो, म्हणजे गिटारचे एकट्याचे तुकडेही बरेचसे सुचले तसे वाजवून मोकळं झाल्यासारखे लागतात, जुन्या अल्बममध्ये त्याचा सोलो गाण्यासारखा गुणगुणता यायचा. इथवर तुमच्याशी सहमत. पण सगळं एकसारखं? ‘लक्स एटर्ना’ साडेतीन मिनिटांच्या आत संपतं, त्यांच्या विशीतल्या वेगानं. ‘स्लीपवॉक माय लाइफ अवे’ रॉबर्ट त्रुहियोच्या बेसवर उघडतं. ‘यू मस्ट बर्न’ जड पावलांनी चालतं. ‘रूम ऑफ मिरर्स’मध्ये शेवटाकडे दोन गिटारी जोडीनं सूर धरतात, ते ऐकताना आमच्या चुलीवरच्या मावशी हातातला उंडा ठेवून बाहेर आल्या होत्या. त्यांनी विचारलं, हे काय वाजते गा?

ते तुम्ही ऐकलं नाही. तुम्ही नवव्या गाण्यानंतर उठलात, मी काउंटरवरून पाहिलं. त्यात तुमचा दोष नाही, कान दुखत होते आणि परतीचा रस्ता रात्रीचा होता. पण अल्बमचा निकाल तुम्ही तीन गाणी आधी लावला, आणि नेमकं शेवटचं ‘इनामोराटा’ राहून गेलं. अकरा मिनिटांहून जास्त लांब, त्यांच्या स्वतःच्या सगळ्या गाण्यांत सगळ्यात मोठं. त्यात दुःखाला प्रेयसी केलं आहे. ज्याला दुःखाची सवय लागली त्याला ते सोडवत नाही, उलट तोच त्याला बिलगतो, अशी ती गोष्ट. मध्येच गिटारी थांबतात, बेस एकटा उरतो, खाली हलक्या झांजा. त्या वेळी शेडमध्ये तीसेक माणसं होती आणि कुणी खुर्ची सरकवली नाही. शेजारच्या बगिच्यातल्या मोटारीचा आवाज तेवढा येत होता. मग हळूहळू सगळं परत चढतं. मला वाटतं, आधीची अकरा गाणी जे डोक्यावर ओझं ठेवतात ते इथे खाली उतरतं. हे गाणं सुटं ऐकलं तर तेवढं लागत नाही, मी करून पाहिलं.

राहिला फळा. ‘१९९१ नंतरचा सगळ्यात भारी अल्बम’ हे मी शनिवारी लिहिलं, दोनदा ऐकून. तेव्हा तसंच वाटत होतं, फसवायचं मनात नव्हतं. पण दोनदा ऐकून तीस वर्षांचा निकाल द्यायचा नसतो, हे तुमचं म्हणणं मान्य. २०१६ चा ‘हार्डवायर्ड’ माझ्या मते गाण्यांच्या बाबतीत याच्या तोडीचा आहे, थोडा वरचढही असेल. ती ओळ मी पुसली. आता तिथे फक्त अल्बमचं नाव, वेळ आणि ‘मध्ये गाणी बदलली जाणार नाहीत’ एवढंच लिहितो.

लग्नाच्या तिथी संपल्या की जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आत, परत एकदा पूर्ण अल्बम लावणार आहे. पावसात टिनाखाली काही ऐकू येत नाही. तुम्ही आणि तुमचे तिघे मित्र आलात तर पैसे लागणार नाहीत. मधल्या खांबाच्या थोडं मागे बसा, तिथे आवाज सगळ्यात नीट येतो. सुरुवात सातला, जेवण साडेआठला, भाकर तव्यावरून थेट ताटात. तारे बदला असं म्हणत नाही. शेवटचं गाणं ऐकून झाल्यावर जे वाटेल ते लिहा, मी इथेच वाचीन.