मुरूम सर

माझं मूळ गाव मुरूम. तालुका उमरगा, जिल्हा धाराशिव. आता मुरूम म्हणलं की एक रस्त्यावर टाकतेत तो आणि दुसरा तोंडावर येतो तो, आणि देवानं माझ्या बाबतीत तिन्ही एकाच माणसात बसवले बघा, म्हणजे गाव मुरूम, गावाकडच्या शेतरस्त्याला मुरूम, आणि वय 33 होऊन, पोरगी बालवाडीत घालून झाल्यावर सुद्धा दोन्ही गालांवर मुरूम. मी लातूरला एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. पोरं मागं मला "मुरूम सर" म्हणतेत हे मला माहितीय. विचारलं तर "गावावरून म्हणतोत ओ सर" असं सांगायला त्यांना जागा आहे, म्हणून मी विचारत नाही.

समोर बसलेल्या पोरांच्या तोंडावर माझ्यापेक्षा जास्त असतात, पण त्यांना सगळे म्हणतेत वयच आहे. मला म्हणतेत, उष्णता झाली. आमच्याकडं उष्णता हे काय साधं निदान नाही, डोकं दुखलं उष्णता, तोंड आलं उष्णता, पोरगा नापास झाला तरी थोडी उष्णताच. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला, आवाज खाली आणून, "पोट साफ होतंय का?" हे मला सासऱ्यांनी विचारलंय, फ्लॅटच्या वॉचमननं विचारलंय, आणि एकदा पालकसभेत एका पालकानं, पोराचे मार्क विचारायच्या आधी.

मग उपाय सुरू. सब्जा झाला, धने-जिऱ्याचं पाणी झालं, मुलतानी माती झाली. आईनं सहाणेवर चंदन उगाळून लावलं तर शेजारच्या काकूंनी "घरी पूजा होती का ओ?" विचारलं. एकानं सांगितलं टूथपेस्ट लावा. लावली. सकाळी मुरूम तसाच, वर त्याच्याभोवती लाल गोल, म्हणजे जे लोकांना नीट दिसत नव्हतं ते आता अंडरलाईन करून मिळालं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली ती ट्यूब. काउंटरवरच्या पोरानं माझ्या तोंडाकडं अर्धा सेकंद बघितलं आणि मागं न बघता हात घालून काढून दिली. पहिल्या आठवड्यात काय सांगू तुम्हाला, तोंड असं गुळगुळीत की बायको म्हणाली, "अहो, लग्नाच्या अल्बममधल्यासारखे दिसायलाव." मी दोन महिने लावली. बंद केली आणि दहा दिवसांत आधीचे सगळे परत, येताना पाहुणे घेऊन. तिच्यात स्टिरॉइड होतं. ते सूज आणि लाली दाबून टाकतं म्हणून बरं वाटतं, पण चेहऱ्याला महिनोन् महिने लावलं की कातडी पातळ होते आणि त्याचेच वेगळे मुरूम उठतेत. हे मला नंतर स्किनच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं, अशा आवाजात की मी अकरावीतल्या पोराला "काय लिहिलंय हे?" म्हणतो ना, अगदी तसं.

मॅडमनी मुरूम समजावून सांगितला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की यात पोटाचा काही संबंध नाही. केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. हार्मोन्सच्या हुकमानं ती तेल सोडते, ते केसाच्या बाजूनं वर येतं. वर येतानाच मेलेल्या पेशी चिकटून तोंडाला बूच बसलं की आत तेल साठतं, आणि आपल्या सगळ्यांच्याच कातडीवर राहणारा एक जंतू, क्युटीबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस त्याचं नाव, तो त्या बिनहवेच्या खोलीत तेलावर ताव मारून वाढतो. मग शरीर चिडतं, सूज, लाली, पू. मी म्हणलं मॅडम, आमच्या गावाकडं हजार फूट बोअर मारला तरी नुसता फुफाटा उडतो, आणि माझ्या नाकावर न खणता तेल लागलंय. मॅडम हसल्या नाहीत. त्यांना दिवसात असे चार तरी भेटत असतील.

अजून एक, त्या काळ्या टिपक्यांना मी मळ समजून खरखरीत टॉवेलनं घासत होतो. तो मळ नाहीच. बूच उघडं असलं की त्यातलं मेलॅनिन हवेनं काळं पडतं. म्हणजे दोन वर्षं मी स्वतःलाच सॅंडपेपर मारत होतो.

मॅडमनी दोन ट्यूब लिहून दिल्या, रात्री लावायला बूच मोकळं करणारी अ‍ॅडापॅलिन आणि सकाळी जंतू मारणारी बेंझॉइल पेरॉक्साइड, आणि फरक दिसायला दोन-तीन महिने. दोन-तीन महिने! आमच्या क्लासचा तेवढ्यात क्रॅश कोर्स होतो. मी घरी येऊन मोबाईल उघडला आणि तिथं मला तो मास्क दिसला. एलईडी लाईट थेरपी, निळी लाईट 415 नॅनोमीटर, लाल 633.

आता बघा, दुसरं काही लिहिलं असतं तर मी फसलो नसतो. हिमालयातली जडीबुटी, सात दिवसांत गोरेपणा, असल्याला मी बधत नाही. पण नॅनोमीटर लिहिलं की फिजिक्सचा माणूस संपला. मी तिथंच प्रकाशाच्या एका कणाची, म्हणजे फोटॉनची, ऊर्जा काढायला 1240 भागिले 415 केलं, जवळपास 3 इलेक्ट्रॉन व्होल्ट. चांगला फोटॉन आहे की! आणि 400 च्या वर म्हणजे अल्ट्राव्हायोलेट पण नाही. बायको म्हणाली किंमत किती, मी म्हणलं वेव्हलेंग्थ बघ.

स्टाफरूममध्ये विषय काढला. बायोलॉजीचे सर म्हणाले, थिअरी खरी आहे. तो जंतू स्वतःच्या अंगात पॉर्फिरिन नावाची द्रव्यं बनवतो, रक्ताला लाल रंग देणाऱ्या हीमच्या भावकीतली, आणि ती 415 च्या आसपासचा प्रकाश जोरात शोषतात. शोषला की शेजारच्या ऑक्सिजनला पेटवतात आणि तो ऑक्सिजन जंतूलाच जाळतो. लाल प्रकाश जास्त खोल जातो, सूज कमी करायला. मला तर भरूनच आलं. 1903 चं नोबेल म्हणलं की आम्हाला फिजिक्सवाल्यांना बेकेरेल आणि क्युरी नवरा-बायकोच आठवतेत, पण त्याच वर्षी वैद्यकाचं नोबेल नील्स फिन्सेनला मिळालंय, प्रकाशानं कातडीचा टीबी बरा करण्यासाठी! केमिस्ट्रीच्या सरांचं मात्र लक्ष माझ्या ट्यूबकडंच. "बेंझॉइल पेरॉक्साइड? अरे हे तर आपल्या पुस्तकात आहे, पेरॉक्साइड इफेक्ट, रिअ‍ॅक्शन नेहमीच्या मार्कोव्हनिकॉव्हच्या नियमाच्या उलटी करतो तो. सांभाळ, तोंड अँटी-मार्कोव्हनिकॉव्ह होईल." हा जोक जगात तीनशे माणसांना कळेल, त्यातले दोनशे लातुरात.

मास्क आला. पांढरा, डोळ्याला भोकं, आतून बारीक बारीक लाईटी. सोबत काळे गॉगल, कारण निळा प्रकाश डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. रोज दहा मिनिटं. आईनं पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, "हे असलं घालून देवघरापुढून जायचं नाही."

आणि इथं भाषेचा घोळ सुरू होतो. आमच्याकडं लाईट म्हणजे वीज. लाईट येते, लाईट जाते, बिल पण लाईटचंच. त्यामुळं आईनं गावाकडं फोनवर सांगितलं, "डॉक्टरनं त्याला लाईट द्यायला सांगितलीय तोंडाला," आणि मुरूममध्ये बातमी अशी पसरली की मास्तराला शॉक देऊ लागलेत. मामांचा फोन आला, काळजीनं, "डोक्याला काही झालंय का रे बाबा? खरं सांग."

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री साडेआठला लाईट गेली. म्हणजे खरी लाईट, सगळ्या गल्लीची. मास्क चार्जिंगवरचा, त्याला काही फरक नाही, तो माझ्या तोंडावर चालूच. उकडायला लागलं म्हणून मी तसाच गॅलरीत आलो. मला काळ्या गॉगलमधून काहीच दिसत नव्हतं, पण खाली गल्ली एकदम गप झाली एवढं कळलं. मग एक कुत्रं रडल्यासारखं ओरडलं. समोरच्या काकू रामरक्षा म्हणायला लागल्या, मोठ्यानं, मधल्या ओळी गाळून. आणि अंधारातून आमच्याच क्लासच्या एका पोराचा आवाज आला, "सर, तोंडाला इन्व्हर्टर बसवलं का ओ?"

दुसऱ्या दिवशी मी डिफ्रॅक्शन शिकवत होतो. फळ्यावर वेव्हलेंग्थचा लॅम्डा लिहिला की मागच्या दोन बेंचांना खोकला यायचा.

महिन्यानं मॅडमकडं गेलो. लाल पुळ्या खरंच थोड्या कमी होत्या, मी छाती काढून मास्कचं सांगितलं. त्या म्हणाल्या, वापरा, नुकसान नाही, पण क्लिनिकच्या लाईटीपेक्षा घरचे मास्क दुबळे असतेत. शिवाय लाईट जंतूला मारते, बूच काढत नाही. काळ्या-पांढऱ्या टिपक्यांना तिचा उपयोग नाही, खोल गाठींना तर नाहीच, आणि बंद केली की जंतू परत येतो. "ट्यूब रोज लावताय ना?" मी गप्प. ट्यूब मी आठवड्यातून तीनदा लावत होतो, कारण ट्यूबवर नॅनोमीटर लिहिलेले नव्हते.

मग लावल्या रोज. त्यांनी काय केलं तर आधी पंधरा दिवस कातडीची सालपटं काढली, आणि मग आमच्या लग्नातल्या लालभडक सोलापुरी चादरीवर, उशीच्या बाजूला, दुपारी आडवं व्हायच्या सवयीनं, माझ्या गालाच्या आकाराचा पांढरा डाग पाडला. बेंझॉइल पेरॉक्साइड कपड्याचा रंग उडवतं. केमिस्ट्रीच्या सरांना हे माहीत होतं, नंतर म्हणाले, "मी सांभाळ म्हणलं होतं की." बायकोनं चादर उलटी घातली, तर तो डाग आता माझ्या पायाशी येतो आणि रोज झोपताना दिसतो.

तिसरा महिना संपता संपता तोंड निवळलं. डाग आहेत, पण नवीन येणं जवळजवळ थांबलंय. गावाकडं एका लग्नाला गेलो, आत्यानं जवळ घेतलं, हनुवटी धरून इकडून तिकडून बघितलं, मी वाट बघायलोय आता काहीतरी चांगलं म्हणेल. "वाळलास रे. पोट साफ होतंय ना?"

मास्क कपाटात ठेवला होता. परवा क्लासवरून आलो, लाईट गेलेली, आणि जिन्यातूनच लाल उजेड दिसायला लागला. आई पाय लांब करून बसलेली, मास्क ओढणीनं गुडघ्याला बांधलेला, आणि शेजारी त्याच काकू, रामरक्षावाल्या, पदर सावरून नंबर लावून.

"निळी बटण कुठंय रे?" आई म्हणाली. "ह्यांचा गुडघा लई जुना आहे."